पुन्हा लावलेला चिमटा

४ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझ्या भाचीची डोकेदुखी म्हणजे शाळा बुडवायचं नाटक नव्हतं रे. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आलाय. फुटला तर जिवावर बेतेल, म्हणून डोकं उघडून फुग्याच्या मानेला बारीकसा चिमटा लावायचा आणि तो कायमचा आतच ठेवायचा. सर्जनबाईंनी चित्र काढून समजावलं. इतक्या लहान मुलांत हे क्वचितच होतं म्हणे. अशी किती मुलं तुमच्या हातून बरी झाली, असं मी विचारलं, तर दोन, असं सरळ सांगितलं. म्हणून आपल्या जुन्या सरांना त्यांनी शेजारी उभं राहायला बोलावलंय. मला त्यांचा हा खरेपणा फार आवडला. ह्यांना मात्र धडकी भरलीय.

ठकू मजेत आहे. तू दुरुस्त केलेलं किल्लीचं बदक वाकडं चालतं, अशी तिची तक्रार आहे.

लोभ आहेच, सध्या जरा जास्त असू दे.
तुझी छबू

८ मार्च

चि. छबूस अनेक आशीर्वाद.

दोन? अगं, दोन घड्याळं उघडलेल्या पोऱ्याला मी दुकानात केर काढायलासुद्धा ठेवणार नाही! कुणीतरी नावाजलेला बघा. रागावू नकोस, भीतीपोटी बोलतोय. आमच्या धंद्यात एकदा नीट बसलेला भाग कुणी परत काढत नाही. तिथे तर पहिल्याच फटक्यात जमायला हवं.

ठकूला म्हणावं, बदक चालतंय ना? मग नखरे पुरेत.
दादा

१५ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

ठकू सुखरूप आहे. आधी हे वाच, मग बाकीचं.

सगळं सरांनीच बाहेर येऊन सांगितलं. चिमटा बसला, फुगा मिटला, त्यांनीही मान डोलावली. पण बाईंचं समाधान होईना. शेजारच्या केसाएवढ्या वाहिनीतलं रक्त त्यांनी तपासलं, तर ते मंदावलेलं. ती वाहिनी बोलण्याच्या भागाकडे जाते. बाईंनी बसलेला चिमटा काढला आणि जरा सरकवून पुन्हा लावला, तेव्हा तिथलं रक्त नीट वाहू लागलं. लावायला मी शिकवलं, पण काढायचा धीर तिचा स्वतःचा, असं सर म्हणाले. मी बाईंच्या पाया पडायला गेले, तर त्या कोपऱ्यात बसून बिस्किटं खात होत्या.

तरी पोर बोलेल ना, ही धास्ती होतीच. सकाळी तिचे ओठ हलले. मी कान जवळ नेला. म्हणाली, मामाला सांग, बदक अजून वाकडंच चालतं. मी अशी हंबरडा फोडून रडले की नर्स धावत आली.
छबू

१९ मार्च

चि. छबूस आणि माझ्या बडबड्या भाचीस खूप खूप आशीर्वाद.

पत्र दुकानातच उभ्याने वाचलं आणि रडलो. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, आपलं घड्याळ गेलं.

त्या दोनबद्दल मी जे लिहिलं, ते फाडून टाक. बसलेला भाग परत काढायला काय छाती लागते, ते मला विचार. बाई वयाने लहान असतील, तरी माझा वाकून नमस्कार सांग.

बदकाच्या डाव्या चाकाचा दात झिजलाय. मला तेव्हाच दिसला होता. चालतंय, म्हणून झाकण लावून मोकळा झालो. ते परत पाठव. पुन्हा उघडतो.
दादा