गाडी उभी राहिली की

विटा, १४ मार्च

प्रिय भाऊसो,

पत्र बघून तुला नवल वाटेल. हातात फोन असताना लिहायचं कशाला, असंही म्हणशील. पण फोनवर तुझ्या गलाईच्या दुकानात मधेच कोणीतरी सोनं गाळायला घेऊन येतं, तू 'थांब रं जरा' म्हणतोस, आणि माझं तोंडाशी आलेलं परत आत जातं. गेल्या अकरा महिन्यांत असं किती वेळा झालं, ते मलाच ठाऊक. म्हणून आज नमाजावरून आल्यावर गॅरेजचं शटर अर्धं ओढलं आणि लिहायला बसलो.

इकडचं म्हणशील तर आमची सबा कराडला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरी नूरजहांचे गुडघे दुखतात, तरी महिन्या-दोन महिन्यांनी तुमच्या वस्तीवर जाऊन येते. उरलेली मेंढरं वीरधवलनं चुलत्यांकडे दिली, हे तुझ्या कानावर आलं असेल. तू त्याच्याशी बोलत नाहीस, म्हणून सांगतो. धाकटा भाऊ तुझा, पण आता तुझ्यापेक्षा म्हातारा दिसतो. आईला डायलिसिसला नेता यावं म्हणून तू सेलमहून पाठवलेली पांढरी गाडी शेडात उभी आहे. तिच्या टपावर कोंबड्या बसतात. तो तिला हात लावत नाही.

मला त्या गाडीबद्दलच लिहायचं आहे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये वीरधवल ती घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "दस्तगीरभाई, रस्त्यानं पळती तवा काय न्हाई. एसी गारेगार. पण गाडी हुबी राह्यली की वारं गरम यायला लागतंय आन् हीटचा काटा वर चढतोय." त्यानं दुखणं इतकं नेमकं सांगितलं होतं, की दुसऱ्या कोणी नुसतं ऐकूनच ओळखलं असतं. गाडी धावते तेव्हा समोरचा वारा रेडिएटरला गार ठेवतो. एसीची जाळीही त्याच्यापुढंच असते, तीही गार राहते. गाडी थांबली की वारा थांबतो, मग सगळी मदार पंख्यावर. पंखा फिरला नाही की पाणी उकळतं, आणि एसी आपोआप बंद पडतो. तीस वर्षं मी हेच काम करतोय, भाऊसो.

मी पाणी बघितलं. काठोकाठ होतं, कुठं गळती नव्हती. एसीचा गॅस बरोबर होता. एसी चालू केला की पंखा फिरत होता. मग पंख्याला वीज देणारा रिले कधीकधी चिकटत असेल असं धरून मी तो बदलला. आठवड्यानं वीरधवल परत आला. तासगावच्या बाजारात तेच झालं, म्हणाला. या वेळी बनामावशीही बरोबर होती, डायलिसिसला सांगलीला निघालेली. मी तिला आत पंख्याखाली बस म्हटलं. ती म्हणाली, "आत त्येलाचा वास येतोय रं, हितंच बरं हाय." दाराबाहेरच्या बाकावर बसली. पाय सुजलेले, चपलेत मावत नव्हते. तरी मला विचारलं, "सबा जेवती का न्हाई नीट? वसतिगृहात काय घालत्यात त्या पोरीला?" शाळेत असताना तिच्या हातच्या भाकरी मी तुझ्याइतक्याच खाल्ल्यात, हे तुला सांगायला नको.

अशा गाडीला एकच परीक्षा असते. एसी लावून इंजिन चालू ठेवायचं, गाडी उभीच ठेवायची, आणि अर्धा तास समोरून हलायचं नाही. मी इंजिन चालू करून उभा राहिलो. दहा मिनिटं झाली. पंखा फिरत होता, काटा मधोमध होता. तेवढ्यात मावशी म्हणाली, "दस्तगीर, लय येळ झाला रं. माझा नंबर गेला तर सांजपातूर बसाय लागंल." मी तिच्याकडं बघितलं. दम लागला होता तिला. मी इंजिन बंद केलं, वायरी जरा हलवून घट्ट केल्या, आणि भाळवणीच्या रस्त्यानं गाडी पळवून आणली. एसी गार होता. पळत्या गाडीत तो गारच असणार, हे मला कळत होतं. तरी परत येऊन मी वीरधवलच्या हातात चावी दिली आणि म्हटलं, "जा बिनघोर. आता काय न्हाई तिला."

त्या खेपेला काही झालं नाही. पुढच्या तीन खेपांनाही झालं नाही. एप्रिलमध्ये ते झालं.

कवठेएकंदजवळ खडीचा डंपर आडवा पडला होता, हे तू ऐकलंस. ऊन किती होतं तेही ऐकलंस. पण वीरधवल तिथं काय करत होता, हे तुला कोणी सांगितलं नसेल, आणि तो स्वतः सांगणार नाही. गाडी अर्धा-पाऊण तास रांगेत उभी होती. एसी गरम झाला तशा त्यानं काचा खाली केल्या. काटा चढला तसं इंजिन बंद केलं. पाणी उकळून झाकणातून बाहेर आलं, त्यात त्याचा उजवा हात भाजला. मावशीला श्वास घेता येईना. तेव्हा त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि अडकलेल्या गाड्यांच्या कडेनं चालत डंपरच्या पलीकडं गेला. तिथून एका पिकअपवाल्यानं त्यांना सांगलीला नेलं. दवाखान्याच्या दारात मावशी गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, कधीही झालं असतं. खरंही असेल ते. मी त्या वाक्याला फार दिवस धरून राहिलो.

तिसऱ्या दिवशी गाडी ओढून माझ्याकडे आणली. मी कोणाला काही न सांगता तिच्यात पाणी भरलं, एसी लावला आणि स्टूल घेऊन समोर बसलो. बाविसाव्या मिनिटाला पंखा मंदावला. मग थांबला. मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पंख्याच्या मोटारीवर टकटक केलं, तसा परत फिरायला लागला. मोटारीला आतून वीज पोचवणारे कार्बन झिजले होते. गार असताना फिरायची, तापली की अडकायची. त्या दिवशी मी आणखी बारा मिनिटं उभा राहिलो असतो, तर ते माझ्या डोळ्यांसमोर झालं असतं.

मी मोटार बदलली आणि गाडी वस्तीवर पोचवून आलो. तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

दहाव्याला तू सगळ्या भावकीसमोर वीरधवलला म्हणालास, "गाडीत पाणी बघायचं, पाच मिन्टाचं काम. तेवढंबी झालं न्हाई तुज्याच्यानं. तूच मारलंस आईला." उकळून रिकामा झालेला रेडिएटर लोकांनी रस्त्यावर बघितला होता, म्हणून सगळ्यांना ते पटलं. वीरधवल हाताची पट्टी बघत बसला. मी तुझ्यापासून चार हातांवर उभा होतो, भाऊसो. पाणी काठोकाठ असायचं, हे तिथं एकट्या मला माहीत होतं. मी खाली बघितलं. लोक पांगायला लागले तसा मीही निघालो.

आता वर्षश्राद्धाला तू येणार आहेस, आणि वीरधवलनं त्या दिवशी घरात असू नये असा निरोप तू धाडलास, तो मला कळला. पण नुसत्या त्यासाठी मी लिहीत नाही. परवा तो गॅरेजवर आला होता. बाकावर बसला. मग म्हणाला, "दस्तगीरभाई, मी त्या दिवशी पाणी बघितलं हुतं का न्हाई, मला आता आठवत न्हाई. न्हाईच बघितलं वाटतंय." त्याला तुझं खरं वाटायला लागलंय. मग मी त्याला सगळं सांगितलं, जसं आता तुला सांगितलं तसं, मोटारीसकट, बारा मिनिटांसकट. त्यानं ऐकून घेतलं. माझ्या खांद्यावर भाजलेला हात ठेवला आणि म्हणाला, "मला बरं वाटावं म्हणून सांगताय तुमी. कळतंय मला." आणि उठून गेला. मी अकरा महिने उशीर केला, आता माझ्या खऱ्याचा त्याला उपयोग नाही. तू सांगितलंस तर कदाचित पटेल. तेही मला नक्की वाटत नाही. पण सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. मला काय म्हणायचं ते म्हण, भावकीसमोर म्हण, मी येऊन उभा राहीन. आधी त्याला सांग.

अजून तरी तुझाच,
दस्तगीर