काकांना न दिलेला निरोप

बाबा, शेवटच्या दुखण्यात तुम्ही म्हणालात, धाकट्याला बोलाव. मी हो म्हटलं आणि काकांकडे गेलोच नाही. तुम्हाला मात्र सांगितलं की ते कामात आहेत. सातवीत माझी शाळा सुटली तरी लिहिलेलं दोनदा तपासायची सवय तुम्ही मला लावलीत; हे वाक्य लिहायलाच तीन वर्षं गेली.

तुम्ही बाप्तिस्मा घेतलात तेव्हापासून काकांनी आपली सावड तोडली होती. त्यांच्या भाताच्या आवणीला आपण जायचं नाही, आपल्या आवणीला ते यायचे नाहीत. मला वाटलं, आले तर भगताला घेऊन येतील, तुमच्या उशाशी वाद होईल, चर्चच्या मंडळीतले लोक काय म्हणतील. मी घाबरलो होतो. तेव्हा मी त्या भीतीला विश्वास म्हणायचो.

यंदा खोपोलीहून कामावरून येताना गाडी घसरली आणि ऐन आवणीत पाय प्लॅस्टरमध्ये गेला. मंडळीतली चार घरं येतो म्हणाली होती, म्हणून मी मजूर लावून सगळं रोप आदल्या दिवशीच काढून मुठी बांधून ठेवल्या. कोण कुठल्या खाचरात उतरेल तेही कागदावर लिहिलं. पण पाऊस असा लागला की सगळ्यांची आवणी एकाच दिवशी आली, मजूरही मिळेनात. आले ते एकटे मंडळीचे पाळक, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. काढलेलं रोप किती दिवस टिकणार? वर्षाचं भात जाणार होतं. मी बांधावर खुर्चीत बसून प्रार्थना करतोय असं दाखवत होतो आणि मुठी मोजत होतो.

तेवढ्यात काका आणि काकू येताना दिसले. कुणी बोलावलेलं नव्हतं. दोघं सरळ चिखलात उतरले. थोड्या वेळाने काका पाळकांना म्हणाले, "सायब, रोप हाय ते, मेणबत्ती नाय. एकेक काडी काय लावताय?" पाळक इतके हसले की चिखलातच बसले.

दुपारी भाकरी खाताना मी काकांना सांगून टाकलं. "बाबांनी तुम्हाला एकदा बोलावलं होतं, मीच निरोप दिला नाही." काका काडीने नखांतला चिखल कोरत राहिले.

"दादा आजारी हाय ह्ये मला ठावं नव्हतं व्हय? मी पन निरोपाची वाट बघत घरीच बसलो. भावाला बोलावनं लागतं का रं?"

आणि सुकटीची चटणी माझ्यापुढे सरकवली.

वधस्तंभाची गोष्ट ऐकताना मी स्वतःला नेहमी शेवटपर्यंत उभ्या राहिलेल्या बायांमध्ये धरायचो. निघालो, प्रभूने जागे राहा सांगूनही बागेत झोपलेल्या शिष्यांतला. काकाही तसेच. पण प्रभू मरणातून उठल्यावर त्या झोपलेल्यांकडेच परत गेला, त्याने दुसरी माणसं शोधली नाहीत. अडचणीत कोण आपलं ते कळतं म्हणतात. मला मी किती कुणाचा होतो तेही कळलं, आणि तरी त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो. भात आता पोटरीत आलंय, लोंब्या फुटतीलच.

हे पत्र बायबलात ठेवतो, दुसरीकडे कुठे टाकणार. एक मात्र राहिलं. काकांना मी सांगितलं की तुम्ही एकदा बोलावलं होतं. तुम्ही रोज विचारत होतात.