डावा गुडघा बेस्ट

३ मार्च, सकाळ
अक्षरांची आणि माझी ओळख नाही. फोनचं बटण दाबून बोलते, तो लिहून घेतो. मला वाचता येत नाही, म्हणजे गुपित पक्कं.
काल हाडांचा नवा डॉक्टर म्हणाला, डावा गुडघा बदलावा लागेल. गुडघा म्हणजे काय बल्ब आहे? पुढच्या भेटीत आराम दिसला तर थांबू, म्हणाला. त्याला इंग्रजीशिवाय काही येत नाही. मधे आमची सूनबाई. मी 'थोडं दुखतं' म्हटलं की ही पाच मिनिटं बोलते.
निश्चय: यापुढे मीच बोलणार. भीती अजिबात नाही.

५ मार्च
शेजारच्या मास्तरीणबाईंकडे शिकवणी सुरू. गुड, बेटर, बेस्ट. दोघांत तुलना असली की बेटर, सगळ्यांत वरचढ तो बेस्ट. बॅड, वर्स, वर्स्टही शिकवत होत्या. ते नको म्हटलं, लागणार नाही.
सहज विचारलं, गुडघा कापतात कशाने? करवतीने, म्हणाल्या.
जेवले नाही. उकाड्यामुळे.

९ मार्च
'मोर बेटर' म्हटलं तर बाई ओरडल्या, दोन्ही एकदम लावायचं नाही. एवढी कंजुषी कशाला?
सूनबाई म्हणाली, आई, गुडघा टम्म फुगलाय. मी म्हटलं, बाळसं धरलंय.
हात जरा थरथरतो. चहा कमी करावा.

१४ मार्च
उद्या डॉक्टर. नुसतं बेटर म्हटलं तर तो विचारेल, कितीने? त्यापेक्षा सरळ बेस्ट. मास्तरीणबाई म्हणाल्या, आजी, खरं काय ते सांगा. त्यांच्या पायाला कोणी करवत लावत नाहीये.

१५ मार्च, दुपार
डॉक्टरने विचारलं, कसा आहे? मी ठणकावून म्हटलं, लेफ्ट बेस्ट! त्याने विचारलं, मग उजवा? गुडघे दोनच. सगळा मान डाव्याला देऊन बसले होते. म्हटलं, राइट... गुड.
त्याने कपाळाला आठी घातली. सूनबाईने सांगितलं, तो म्हणतो, झिजलेला डावा तुमचा सगळ्यांत चांगला असेल, तर उजव्याची काय अवस्था असेल? लगेच उजव्याचाही फोटो काढला.
उजवाही झिजलाय.
आता दोन्ही बदलणार. आधी डावा.

२२ मार्च, सकाळ
दवाखाना. मघाशी नर्स आली, डाव्या पायावर पेनाने फुली मारून गेली. जाताना विचारलं, घाबरलात का? मी म्हटलं, नो. मग तोंडातून आपोआप निघालं, वर्स्ट.
न शिकलेलं बरोबर आलं.
सूनबाई खुर्ची ओढून बसली. म्हणाली, आई, शुद्धीवर याल तेव्हा मी इथेच आहे. तिचा हात मी धरून ठेवलाय. थरथरतोय तो तिचाच.