गरम पाण्याचं वर्ष

ग्वायाकिल,
९ फेब्रुवारी १९९८

ती. सौ. एदेलमिराताईस,
अब्दोनचा शि. सा. न. वि. वि.

पप्पांच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर खात्री देत नाहीत. पण केलेलं बरं, म्हणाले. त्यांचं इकडे येण्याचं सोमवारच्या विमानाचं तिकीट काढलंय. त्यांना अल्सर आहे असंच सांगत राहा.

इथे पावसानं रस्ते तुंबलेत, पण दवाखान्यापर्यंत मी त्यांना पाठुंगळीला मारून नेईन. एवढंच कर, त्यांना होडीत पाऊल टाकू देऊ नकोस. जन्मभर बेट बघायला येणाऱ्या पाहुण्यांना कासवं दाखवली, आता पुरे. तू लाडकी लेक, तुझं ऐकतील. माझं त्यांनी कधी ऐकलंय?

पप्पांना आणि क्लेबेरभावजींना नमस्कार. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
अब्दोन


पुएर्तो विल्यामिल, इसाबेला बेट,
१२ फेब्रुवारी

चि. अब्दोन यास,
अनेक आशीर्वाद.

आधीच सांगते, मी त्यांना होडीत बसवलं. पहाटे उठून दाढी करून बसले होते रे. क्लेबेर पाहुण्यांना तिंतोरेरास बेटावर नेत होते. पप्पा म्हणाले, जावईबापू, एक म्हातारं ओझं चालेल का?

समुद्र यंदा आंघोळीच्या पाण्यासारखा गरम आहे. काळ्या खडकावर इग्वानांच्या बरगड्या दिसत होत्या. पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, झोपलेत का हे? पप्पा म्हणाले, नाही बाई, उपाशी आहेत. यांचं शेवाळ जळून गेलं.

पुढे सी लायनचं एक पिल्लू दिसेल त्या मादीपाशी जाऊन तोंड लावत होतं. सगळ्या त्याला हुसकत होत्या. आई मासे शोधायला लांब गेलेली. त्या बाई रडायला लागल्या, आपल्या डब्यातलं काही देऊ या म्हणाल्या. पप्पांनी समजावलं की हात लावायचा नाही, आई येईपर्यंत त्यानं थांबायचं. आणि नाही आली तर, असं बाईंनी विचारल्यावर पप्पांनी पाण्यात बघायचा चष्मा हातात घेतला.

मग तो चढवून पाण्यात उतरले. मी हात धरला होता, तो त्यांनी सोडवून घेतला. एका कासवाच्या वर तरंगत इतका वेळ निश्चल राहिले की माझ्या काळजाचं पाणी झालं. डोकं वर काढलं तेव्हा हसत होते.

परतताना मला म्हणाले, अल्सरला कुणी एवढं जपत नाही, एदेल. मला कळतंय. पण मी ऑपरेशनला गेलो नाही तर अब्दोन जन्मभर स्वतःला खात बसेल. म्हणून जातो.

तुला सांगू नकोस म्हणाले होते. मी सांगितलं. तिकिटाचं काय करायचं ते आता तूच ठरव.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
ताई


ग्वायाकिल,
३ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. त्यांचं तिकीट रद्द करून मीच तिकडे आलो, त्याचा पस्तावा नाही. पप्पांना त्यांच्याच मातीत ठेवून आलो. तरी इथल्या घरात पाय ठेवताना वाटलं, आता पत्राखाली पप्पांना नमस्कार लिहायचा नाही.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तू चर्चला गेली होतीस त्या रविवारी ते मला धक्क्याजवळच्या खाडीवर घेऊन गेले. स्वतः लाकडी पायरीवर पाय सोडून बसले आणि मला म्हणाले, शहरी बाबू, उतरा.

मी तोंड पाण्यात घातलं. खाली नुसता पांढरा पडलेला खडक. एक मासा नाही. वर आल्यावर त्यांनी विचारलं, काय दिसलं? मी खरं तेच सांगितलं, काही नाही पप्पा. तर म्हणाले, नीट बघ, गाढवा. डाव्या कपारीत शार्क झोपलेला असतो. त्याच्या अलीकडे कासव, एक पाय तुटलेलं. आणि वाळूत चपटे मासे, डोळे तेवढे बाहेर. हाडांचा सापळा झालेला माणूस, पण सगळं समोर दिसत असल्यासारखा बोटानं दाखवत होता.

मग म्हणाले, हां, आता दिसलं का?

मी पुन्हा तोंड पाण्यात घातलं. ते माझ्या डोळ्यांकडे बघत होते ना, ताई, म्हणून.

भावजींना नमस्कार. आता वडीलधारी तूच. लोभाची सावली असू दे.

तुझा,
अब्दोन