पाहुण्याचे बूट

प्रिय बाबा,

फोन केला की तुम्ही "हं, देतो" म्हणता आणि माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन आईच्या हातात गेलेला असतो. म्हणून हे पत्र. पाकिटावर तुमचं नाव मुद्दाम ठळक लिहिलंय आणि आईला बजावून ठेवलंय की फोडायचं नाही. ती म्हणाली, "मला काय पडलंय बापलेकीच्या भानगडीत," म्हणजे ती ते उजेडात धरून नक्की पाहणार. असो. आज एवढी मोठी बातमी आहे की पोटात राहत नाही. संध्याकाळी ऑफिसातून खोलीवर अक्षरशः उड्या मारत आले. खालचा सायकलवाला म्हणाला, "आज चाकात हवा जास्त झालीय वाटतं!"

पण बातमी एकदम सांगितली तर तुम्हाला कळायची नाही. मी इथे नक्की काय काम करते हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. त्या दिवशी जेवताना मी तुम्ही ठरवलेली साहेबांच्या ऑफिसातली नोकरी नको म्हणाले, तुम्ही "एवढं शिकून खेळत बसणार?" म्हणालात, आणि त्यानंतर आपण दोघंही ताटाकडे बघत राहिलो. मग मी निघाले तेव्हा तुम्ही बॅगेचं मोडकं चाक दुरुस्त करून ती दारात आणून ठेवलीत. बोलला मात्र नाहीत. ते चाक अजून शाबूत आहे, बाबा. बॅगेचा बाकी सगळा जीव गेलाय.

तर ऐका. आमचा खेळ हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकत्र खेळतात. प्रत्येकाचं पडद्यावर एक छोटं माणूस असतं. त्याला चालवायचं, बोलतं करायचं, लढवायचं. पुढे कुणी तलवारबाज होतं, कुणी तिरंदाज, कुणी जखमा बऱ्या करणारा वैद्य. पण सुरुवात सगळ्यांची एकच, नवखा. ठिगळाचा सदरा, हातात काठी, पायात साधे बूट. नवख्याला काहीच येत नाही. तो झाडाला धडकतो, विहिरीत पडतो, कोंबडीकडूनसुद्धा मार खातो. मोठे खेळाडू त्याला "ए कच्च्या लिंबा, बाजूला हो" म्हणतात. जो तो घाईघाईने शिकून तलवार घेतो आणि तिथून सुटतो.

मी मात्र नवखीच राहिले. ऑफिसात सगळे चिडवतात, "अगं, आता तरी मोठी हो!" पण माझं काम खेळाच्या फाटकापाशी आहे, जिथून नवखे आत येतात. नवीन आलेल्याला हात धरून चालायला शिकवायचं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मला संगणक सुरू करता आला नाही आणि मागच्या बाकावरून हशा पिकला, ते घरी मी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रयोगशाळेतल्या बाईंनी मात्र शेजारी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "मलापण पहिल्यांदा सापडलं नव्हतं बटण." तेवढ्या एका वाक्यावर मी पदवीपर्यंत पोचले. ते वाक्य दुसऱ्यांना म्हणण्याचा पगार मिळतो मला. आता सांगा, मी खेळत बसलेय का?

खेळात माझं नाव भिंगरी. तुमचं फरशी पॉलिशचं मशीन चालू झालं की त्याच्याबरोबर गोल गोल फिरणाऱ्या मुलीला हे नाव कुणी दिलं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुमच्याबरोबर मी किती दिवाणखाने, किती सभागृहं पाहिली! दाराशी बसवायचात आणि सांगायचात, "वाळेपर्यंत पाय ठेवायचा नाही." मग तुम्ही बूट बाहेर काढून जाड लोकरी मोज्यांवर आत शिरायचात. मशीन कोपऱ्यात पोचत नाही म्हणून आधी चारही कोपरे हाताने घासायचात. मला वाटायचं, माझे बाबा पाण्यावर चालतात.

मी नाकारलेली ती नोकरीही अशाच एका फरशीवरची होती. तुम्ही साहेबांशी बोलून ठेवली होती. नंतर आईने सांगितलं की तुम्हाला नोकरीचं एवढं नव्हतं. ज्या फरशीवर तुम्ही इतकी वर्षं मोज्यांवर चाललात, तिच्यावरून तुमची मुलगी बूट घालून टकटक करत जाईल, हे तुम्ही मनात धरलं होतं. हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? तरीही मी नाहीच म्हणाले असते, हे खरं. पण ताटाकडे बघत नसते म्हणाले.

आता मुख्य गोष्ट. काही महिन्यांपूर्वी फाटकापाशी एक नवखा आला. नावाची जागा रिकामी सोडली की खेळ आपणच "पाहुणा" असं नाव देतो, तसा हा पाहुणा. आल्या आल्या तो जो उभा राहिला तो राहिलाच. मी विचारलं, "चालायला शिकवू का?" बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "हो ताई. सावकाश." शेवटी पूर्णविराम! खेळात पूर्णविराम कोण देतं? मला तेव्हाच तो आवडला.

नवख्याचं पहिलं काम म्हणजे तळघरातले उंदीर मारणं. सगळे मधोमध घुसून काठी फिरवतात. पाहुणा भिंतीच्या कडेकडेने निघाला. आधी एक कोपरा साफ, मग दुसरा, मग तिसरा. मध्ये उंदीर धुमाकूळ घालताहेत, लोक ओरडताहेत, "अहो काका, इकडे या, इकडे!" आणि हे आपले कोपऱ्यात. मी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होते. पण खरं सांगू, त्याच्या तळघरात उंदीर परत आले नाहीत. ते कोपऱ्यांतल्या बिळांतूनच येतात, हे खेळ बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलं होतं आणि आजवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तो रोज संध्याकाळी यायचा. मी विचारायचे, आता शिकलात की, काय व्हायचंय, तलवारबाज की वैद्य? तो लिहायचा, "आधी हे नीट येऊ दे." एकदा अचानक त्याने विचारलं, "ताई, जेवलात का?" बाबा, त्या खेळात लोक एकमेकांना मारतात, लुटतात, फार तर शाबास म्हणतात. जेवलात का, असं कुणी कुणाला विचारल्याचं मी पाहिलं नव्हतं. मी बिस्किटं खाल्ली म्हटल्यावर त्याने लिहिलं, "बिस्किट म्हणजे जेवण नव्हे."

मग एका संध्याकाळी आम्ही तळ्याकाठी बसलो होतो. त्याने विचारलं, घरी कोण असतं? का कोण जाणे, पडद्यामागच्या अनोळखी माणसापाशी मी बोलून गेले. आई आणि बाबा असतात, बाबा माझ्यावर रागावलेत, बोलत नाहीत. त्याच्या नावापुढे तो लिहितोय अशी खूण येत राहिली, जात राहिली, पुन्हा आली. एवढ्या वेळात माणूस पानभर लिहील. शेवटी आलं ते इतकंच, "राग नसेल. काय बोलावं ते सुचत नसेल." आणि तो उठून तळ्याभोवती फेऱ्या मारायला लागला.

एक गोष्ट मात्र मला छळत होती. पाहुणा रोज अनवाणी असायचा. अनवाणी माणसाला आमच्या कुरणात काटे टोचतात, जीव कमी होतो, चालही मंदावते. मी त्याला नवे बूट द्यायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाय उघडे. विचारलं की म्हणायचा, "हरवले." लहान मुलासारखे रोज कसे हरवतात? म्हणून एकदा मी गुपचूप त्याच्या मागे गेले. तो वैद्यांच्या मंदिरापाशी पोचला. तिथलं सभागृह मोठं आहे आणि फरशी अशी, की तिच्यात खांबांची प्रतिबिंबं दिसतात. तिच्यावरून तलवारबाज चिखलाच्या पायांनी धावत असतात. पाहुणा दाराशी थांबला. त्याने बूट काढले, शेजारी शेजारी ठेवले, टोकं बाहेरच्या बाजूला, म्हणजे परतताना पाय सरळ आत घालता येतील असे. आणि भिंतीच्या कडेकडेने, हळूहळू, आत गेला. खेळात जमिनीवर ठेवलेली वस्तू ज्याला सापडेल त्याची. तो आत गेला नाही तोच एका तिरंदाजाने बूट उचलून पळ काढला. मी खुर्चीवर बसून रडले आणि हसले, दोन्ही एकदम. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला वाटलं माझा संगणक बंद पडला.

नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या कप्तानाने जाहीर केलं की नवखे बंद. कप्तान म्हणजे आमचा मालक, माणूस चांगला, पण सदा घाईत. त्याचं म्हणणं, लोकांना काठी नको असते, आल्या आल्या तलवार हवी असते. फाटक, कुरण, तळघर सगळं काढून टाकायचं, आणि जे अजून नवखे आहेत त्यांनी तलवार नाहीतर धनुष्य निवडायचं. नाही निवडलं तर त्यांचं माणूस पुसून टाकायचं. मला माझ्या नोकरीची भीती वाटली नाही, शपथ. मला दिसला तो पाहुणा. तो "आधी हे नीट येऊ दे" म्हणत बसणार आणि एका संध्याकाळी येऊन बघणार तर फाटकच नाही. मग मी त्याला कुठे भेटणार?

मी कप्तानाला म्हटलं, निकाल लावण्याआधी एक संध्याकाळ माझ्या शेजारी बसा आणि फक्त एक नवखा बघा. तो कुरकुरत बसला. हळूहळू सगळं ऑफिस मागे जमलं. आमचं ऑफिस म्हणजे छापखान्याच्या वरची एक लांबट खोली. तिथली फरशी तुम्ही पाहिलीत तर कपाळाला हात लावाल, शाईचे डाग कुणी जन्मात घासलेले नाहीत. तर पाहुणा आला, मंदिरापाशी गेला, बूट काढून ठेवले. कप्तान खो खो हसला, "हे काय चाललंय याचं?" आणि मागून एकदम हुंदका ऐकू आला. आमच्याकडे एक चित्रकार मुलगी आहे, फार अबोल. ती म्हणाली, "ती फरशी मी काढलीय. वर्षभर लागलं मला. दगडाची एकेक रेघ. आजपर्यंत कुणी खाली बघितलंसुद्धा नव्हतं." कप्तानाचं हसू थांबलं. पाहुणा कडेकडेने चालला होता आणि आम्ही सगळे श्वास धरून बघत होतो, जणू खरोखरच फरशी ओली आहे.

आणि आज सकाळी निकाल लागला! नवखे राहणार! फाटक राहणार, कुरण राहणार, उंदीरसुद्धा राहणार! कप्तान म्हणाला, "तलवारवाले आपल्या खेळातून धावत जातात गं, तो बघतात ते नवखेच." शिवाय फाटकाचं सगळं काम आता माझ्याकडे, माझ्या हाताखाली दोघं जण. ती अबोल चित्रकार मुलगी तर खोलीभर नाचली. मी हाताखालच्यांची पहिली बैठक घेतली आणि पहिला नियम बदलून घेतला. तो काय, ते आता सांगते.

आई म्हणत होती की तुम्ही हल्ली संध्याकाळी फोनमध्ये डोकं घालून बसता आणि विचारलं की सांगता, हवामान बघतोय. "एवढं काय बघायचं त्यात, पाऊस फोनमधून पडणार आहे का?" असं तिचं म्हणणं. मी तिला काही बोलले नाही. बाबा, त्या बुटांची टोकं मी लहानपणापासून ओळखते. मी ओळखलंय हे कळलं तर तुम्ही संकोचून यायचे थांबाल, या भीतीने इतके दिवस गप्प होते, आणि तुम्ही मला "ताई" म्हणालात की पोट धरून हसत होते. पण मला आता खोटं वागवत नाही. म्हणून हे पत्र लिहिलं. उद्यापासून आमच्या खेळात दाराबाहेर काढून ठेवलेले बूट ज्याचे त्यालाच उचलता येतील, दुसऱ्या कुणालाही नाही. आज हा नियम मीच घालून घेतलाय. तेव्हा या. तलवार घेऊ नका, घाई करू नका. नावाच्या जागेत मात्र आता काहीतरी लिहा, लेकीच्या घरी पाहुणा कसले होताय? मी फाटकापाशी आहे. आज पोटभर जेवलेय, बिस्किटं नव्हेत.

तुमचीच,
भिंगरी