फुटक्या कुंडीतली एकदांडी

४ जुलै, सकाळी
हिला दवाखान्यात दाखल केलं. पित्ताचे खडे. साधं ऑपरेशन, उद्या आहे. मला अजिबात भीती नाही. निघताना ही गॅलरीतल्या फुटक्या कुंडीबद्दल काहीतरी म्हणाली. मी किल्ली शोधत होतो. हो हो म्हणालो.

४ जुलै, दुपारी
हात रिकामे राहिले की डोकं नको तिकडे जातं, म्हणून गॅलरी साफ केली. फुटक्या कुंडीत रान माजलं होतं, उपटून टाकलं. कचऱ्याची गाडी गेली आणि मग आठवलं. ही त्याच कुंडीबद्दल बोलली होती. पाणी घालायलाच सांगितलं असणार. दुसरं काय सांगणार?

५ जुलै
ऑपरेशन झालं. संध्याकाळी हिला ताप. मुलगा म्हणतो, बाबा, एवढा ताप येतोच. खरं कारण मला माहीत आहे.
निश्चय: ही घरी यायच्या आत तेच झाड कुंडीत उभं करायचं. झाड जगलं की ताप उतरणार. ही अंधश्रद्धा नव्हे, अनुभव आहे. कसला, ते आठवलं की लिहीन.

६ जुलै
झाड नेमकं कोणतं? आठवतं ते एवढंच: लांब दांडी, टोकाला शर्टाच्या बटणाएवढं फिकट पिवळं फूल, पानं खरखरीत. सुनेला सहज विचारल्यासारखं विचारलं. तिने फोनवर चित्रं शोधून दाखवली. म्हणाली, ही सगळी सूर्यफुलाची भावंडं, हजारोंनी आहेत. वर हेही म्हणाली, की आपल्याला एक दिसतं ते एक फूल नसतंच, बारक्या बारक्या फुलांचा गुच्छ असतो. म्हणजे मी किती जीव घेतले? जेवण गेलं नाही.
शेवटी एकदांडीचं चित्र पटलं. सून म्हणाली, हे रस्त्याच्या कडेला कुठेही उगवतं, तुम्हाला कशाला हवंय? जनरल नॉलेज, म्हणालो.

७ जुलै
पंक्चरवाल्याच्या भिंतीशी एकदांडी सापडली. चमच्याने मुळासकट दोन काढल्या. पंक्चरवाल्याने विचारलं, आजोबा, कवळी पडली का? लक्ष दिलं नाही. जन्मभर कारखान्यात फिटर होतो. मी बसवलेली वस्तू हलत नाही. एक कुंडीत बसवली, एक न्हाणीघरात बादलीत. स्पेअर हवाच.

८ जुलै
कुंडीतलीने मान टाकली. हिचा ताप वाढला. बादलीतली कुंडीत लावली, कुंडीतली बादलीत.
दवाखान्यात हिने विचारलं, सांगितलेलं काम केलंत ना? हो म्हणालो. आवाज फाटला. ही म्हणाली, घाबरू नका, इतक्यात मरत नाही मी. हिचं हे असंच. मी कुठे घाबरलो होतो?

१० जुलै
ताप तसाच. झाडाजवळ कोणी जोरात बोलायचं नाही, असं घरात सांगितलं. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्हीही एकदा तपासून घ्या.

१३ जुलै
कळी उमलली. दुपारी फोन आला, ताप उतरला. योगायोग म्हणायचं त्यांनी म्हणावं. बादलीतलीही टवटवीत. खोली बंद करून थोडा रडलो. दमल्यामुळे.

१५ जुलै
ही घरी आली. बसायच्याही आधी गॅलरीत गेली. मी मागे, छाती काढून. ही कुंडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, अहो, जाताना एकच काम सांगितलं होतं, हे रान उपटून टाका, बियांचा कापूस उडतो आणि सगळ्या कुंड्यांत रुजतं. तेवढंही जमलं नाही. उलट पाणी घालून पोसलंत.
पहिल्याच दिवशी उपटलं होतं, असं सांगणार होतो. पण मग पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. ही खुर्चीत बसली, मी उपटलं. त्याच हाताने हिचं कपाळ बघितलं. गार होतं. ही म्हणाली, आधी हात धुवा.
बादलीतली मात्र ठेवणार. हिला ताप परत यायला नको. न्हाणीघरात कोण बघतंय?

१५ जुलै, थोड्या वेळाने
न्हाणीघरातून हिची हाक आली. नुसतं अहो. पण या अहोची तब्येत ठणठणीत आहे.