रिकाम्या बाटलीवरचं नाव

५ जून

चि. सौ. धाकटीस,
दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तिकडे सगळं ठीक असणार, नाहीतर एव्हाना तू माझी खरडपट्टी काढली असतीस. इथे मात्र आमची पार तारांबळ उडाली आहे. आमच्या मालिकेचा शुक्रवारचा भाग पाहिलात ना? आमचे रक्तपिपासू गुप्तहेर, म्हणजे तुझ्या लेकीचे लाडके सुळेसाहेब, फ्रिजमधल्या बाटलीतलं रक्त पिऊन जगतात. ते रक्त येतं कुणाचं, याचा या भागात त्यांनी तपास लावला, आणि शेवटी रिकाम्या बाटलीवर त्यांच्याच घरमालकीणबाईंचं नाव निघालं. ‘मी जगलो म्हणून त्या गेल्या,’ हे त्यांचं शेवटचं वाक्य खास माझं.

त्यावर तीनशेच्या वर पत्रं आली! एक निवृत्त हेडमास्तर लिहितात की, तेव्हापासून फ्रिज उघडायचं काम त्यांनी बायकोवर सोपवलं आहे. एका दंतवैद्यबाईंनी घरमालकीणबाईंना जिवंत करा, नाहीतर तुमच्या दातांना हात लावणार नाही, अशी धमकी दिली आहे. लोक इतके कधी टरकले नव्हते म्हणून निर्माते खुशीत आहेत. फक्त भाचीबाईंचा, आमच्या शंकासुराचा, अभिप्राय यायचा आहे. नऊ वर्षांची असली तरी चुका काढण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. तिला लिहायला सांग.

लोभ आहेच, या वेळी थोडं कौतुकही कर.
तुझा दादा

८ जून

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

फोन करणार होते, पण तुझा आवाज ऐकून मी नुसती रडले असते. म्हणून दुकानात चष्म्याच्या काचा घासायचं काम बाजूला ठेवून लिहिते आहे. तुला अभिप्राय हवा होता ना, घे. परवा शंकासुराची रक्त घ्यायची पाळी होती. तान्ही होती तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी जाते, कधी हूं की चूं केलं नाही. या वेळी वॉर्डच्या दारातच तिनं दोन्ही हातांनी खांब धरला. आधी सांगा, पिशवीतलं रक्त कुणाचं आहे आणि तो माणूस जिवंत आहे का, एवढं एकच तिचं म्हणणं.

देणाऱ्याला काही होत नाही हे डॉक्टरांनी सांगितलं, सिस्टरनी सांगितलं, ह्यांनी तर पाया पडायचंच बाकी ठेवलं. ती म्हणते, तुम्ही सगळे मला बरं वाटावं म्हणून बोलता. आम्हा दोघांच्या रक्तातही तिच्या आजाराचा अंश, म्हणून ते कुणी घेत नाही, नाहीतर तिच्यासमोर देऊन दाखवलं असतं. आणि दादा, ती म्हणाली की मामा दवाखान्यात आला होता तेव्हा तिनं त्याला हेच विचारलं होतं. तेव्हा तो हसला, आणि आता त्यानं टीव्हीवर उत्तर दिलं.

पिशवी तशीच परत गेली. तिचे ओठ पांढरे पडलेत, जिना चढताना दोनदा बसते. मला फार भीती वाटते रे. आजाराचं नाव पहिल्यांदा कळलं तेव्हाही इतकी वाटली नव्हती.

लोभ असू दे, त्यात थोडी लाजही असू दे.
तुझी धाकटी

९ जून

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी लेखकांच्या खोलीत होतो. भिंतभर ती तीनशे पत्रं टाचून ठेवली होती, येईल त्याला वाचून दाखवत होतो. ती सगळी काढून खोक्यात टाकली.

तिनं विचारलं होतं, खरं आहे. मी हसलो, कारण मला भोवळ येत होती. शूटिंग आहे सांगून दहा मिनिटांत सटकलो, आठवतं? शूटिंग-बिटिंग काही नव्हतं. मला सुईची भीती वाटते, आणि हे मी तुझ्यापासूनही लपवलं. तिच्या हातातली नळी बघून मी जिन्यात अर्धा तास डोकं धरून बसलो होतो. पण तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. तो मी सरळ उचलला आणि सुचेल तितकं भयंकर उत्तर त्याला चिकटवलं. ती भाग बघणार हे ठाऊक असून. खरं उत्तर काय, हे मी कुणाला विचारलंसुद्धा नाही.

मी येऊन तिला समजावू का? लगेच कळव.
तुझा दादा

१० जून

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

येऊ नकोस. मी तिला विचारून पाहिलं. ती म्हणते, मामाचं कामच गोष्टी रचायचं आहे, त्याच्या तोंडी बोलण्याचा काय भरवसा. पुरावा लेखी हवा, आणि ज्यानं स्वतः रक्त दिलंय त्याचाच हवा. तुझ्या सुळेसाहेबांचीच शिकवण, दुसरं काय!

काल तपासणी झाली, हिमोग्लोबिनचा आकडा सहावर आला आहे. डॉक्टर तेरा तारखेपर्यंत थांबायला तयार आहेत, मग चौघांनी धरून द्यावं लागेल म्हणतात. एकदा धरू दादा, पण पुढे काय? दर तीन आठवड्यांनी जन्मभर मी माझ्या लेकीला दाबून धरायचं? ती आता पडूनच असते आणि माझ्याकडे बघत राहते. जास्त लिहवत नाही.

जे काय करायचं ते लवकर कर.
धाकटी

११ जून

चि. शंकासुरास,
मामाचे आशीर्वाद, तुला हवे असतील तर.

रक्तपेढीतल्या पलंगावर बसून लिहितो आहे. कागद मांडीवर आहे म्हणून अक्षर वाकडं. सकाळी दहाला फॉर्म भरला. बाईंनी तपासायला बोटाला टोचलं, तेवढ्यानंच मी घामाघूम झालो. मोठी सुई दिसली तेव्हा फोन करायचाय अशी थाप मारून बाहेर पळालो. रस्त्यापर्यंत जाऊन परत आलो. पुराव्यात सगळं लिहायचं असतं, म्हणून हेही लिहितो.

सुई आत गेली तेव्हा डोळे गच्च मिटले होते. दहा मिनिटांत पिशवी भरली. मी उठलो आणि धाडकन पडलो. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की, हे रक्त दिल्यामुळे कमी आणि घाबरल्यामुळे जास्त. खाली त्यांची सही आणि शिक्का आहे. शेजारच्या पलंगावरचे बसड्रायव्हर आज एकतिसाव्यांदा रक्त देऊन आरामात पेपर वाचत आहेत. त्यांचीही सही घेतली आहे. आता अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली आणि मी जिवंत आहे.

घरमालकीणबाईंना मी मारलं, बाटलीनं नाही. तू विचारलंस तेव्हाच खरं शोधून सांगायला हवं होतं. माझं चुकलं.

जमलं तर लोभ ठेव.
मामा

१४ जून

ती. स्व. मामास,
शि. सा. न.

काल मी रक्त घेतलं. कुणी धरलं नाही. आई रडली आणि बाबा व्हरांड्यात जाऊन रडले, त्यांना वाटतं मला कळलं नाही. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू पडलास ती ओळ आईनं बोटानं झाकली होती, पण मी बोट उचललं. त्याच ओळीमुळे मला ते खरं वाटलं. रचून लिहिलं असतंस तर तू स्वतःला पाडलं नसतंस.

माझ्या पिशवीवर नुसता नंबर होता. नाव सांगायचा नियम नाही म्हणे. मग थेंब पडत होते तेव्हा मी धरून चालले की तो माणूस कुठेतरी पेपर वाचत असेल.

सिस्टर म्हणाल्या, तीन महिन्यांनी परत देता येतं. तू दे. नंतर लगेच उठू नकोस. आणि त्याच दिवशी पत्र टाक, वेळ घालून, सही-शिक्क्यासकट. सुईची भीती मला कधीच वाटली नव्हती. पण सप्टेंबरात तुझं पत्र येईपर्यंत मला भीती वाटणार आहे.

लोभ आहे, काळजी घे.
तुझी शंकासुर